भिंतीकडे तोंड केलेली कळलावी

आमच्या बैठकीत एक जुनं चित्र टांगलेलं आहे. त्याचं तोंड मला जेवढं आठवतं, त्याहून त्याची पाठ मला जास्त पाठ आहे. तपकिरी पुठ्ठा, चार गंजके खिळे आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेलं हिंदी वर्तमानपत्र. त्यात बवासीरच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, रामबाण इलाजाची अर्धी जाहिरात आहे. उरलेली अर्धी फ्रेमवाल्यानं कापून टाकली, त्यामुळे रोग कळतो आणि इलाज कळत नाही. आमच्या घरातल्या बहुतेक गोष्टींचं तसंच आहे.

पाठ दिसते, कारण घरात भांडण झालं की माझी वहिनी उठते आणि चित्राचं तोंड भिंतीकडे करते. भांडण मिटलं की ते सरळ करायचं, असा तिचाच नियम. पण भांडण सुरू झालेलं सगळ्यांना कळतं, मिटलेलं कोणालाच कळत नाही. म्हणून चित्र महिनेच्या महिने भिंत बघत राहतं. आमच्या या हिंदी मुलखातले पाहुणे विचारतात, "ये उल्टा क्यों टाँगा है?" माझा दादा सांगतो, "उन्हानं रंग उडतो." त्या भिंतीला आयुष्यात कधी ऊन लागलेलं नाही.

चित्र कळलावीच्या फुलाचं आहे. साहेबाच्या काळातल्या कुठल्या तरी पुस्तकातून फाडलेलं एक पान, आधी छापलेलं आणि मग हातानं रंगवलेलं. पावसाळ्यात आमच्याकडच्या जंगलात ही वेल झुडपांवर चढलेली दिसते. तिच्या पानांची टोकं कुरळी होऊन मिळेल त्याला धरतात, आणि फुलाच्या सहा पाकळ्या खाली वाकायच्या सोडून वर उलट्या उभ्या राहतात, बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक. चित्रकारानं वेल फार प्रेमानं काढली आहे. खालच्या कोपऱ्यात तिचं पोट उघडून दाखवलं आहे, बिया वेगळ्या, कंद वेगळा, नांगराच्या फाळासारखा वाकडा. सगळ्यात खाली लॅटिन नाव, जे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागेपर्यंत घरात कोणाला वाचता येत नव्हतं.

बाबांनी ते ओमतीच्या बाजारातल्या एका कबाड्याकडून, भंगारवाल्याकडून आणलं. बाबा कारखान्यात कामाला होते आणि दर रविवारी घरात एक निरुपयोगी वस्तू आणायची, एवढीच त्यांची चैन. त्यांना वाटलं ही लिली आहे. आई विदर्भातल्या खेड्यात वाढलेली, तिनं लांबूनच ओळखलं. "हे काय आणून राहिले तुम्ही? कळलावी हाय थे. घरात आणली का भांडणं लागतात." बाबा म्हणाले, "झाड थोडीच आणलं, चित्र आहे." त्यावरून दोघांचं दोन दिवस वाजलं. आईनं तिचा मुद्दा सिद्ध केला, असं बाबा पुढे आयुष्यभर म्हणायचे.

मी तेव्हा आठ वर्षांची. रंगवणाऱ्यानं सहापैकी एक पाकळी कोरीच सोडली होती. का सोडली देव जाणे, जेवायला उठला असेल. मला ते बघवेना. काचेत बसवायच्या आधी एका दुपारी मी माझ्या लाल स्केचपेननं ती पाकळी भरून टाकली आणि पेन दादाच्या दप्तरात ठेवलं. दादाला बाबांनी दोन ठेवून दिल्या. तो रडत राहिला, मी पाणी आणून दिलं. आईनं माझ्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाली, "चित्रात एक आन् घरात एक. दोन दोन कळलाव्या झाल्या मले."

तेव्हापासून घरात मी कळलावी. मराठीत हा शब्द फुलाला कमी आणि बायकांना जास्त वापरतात. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. पण एकदा नाव पडल्यावर मी ते नीट निभावलं, त्यात आळस केला नाही.

आई सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. त्या काळात तिला खेड्यापाड्यातल्या दाईंना शिकवायला पाठवायचे. शहपुरा, पनागर, कुठे कुठे. जायच्या दिवशी ती भिंतीवरून ते चित्र काढायची, टॉवेलमध्ये गुंडाळायची आणि बसमध्ये मांडीवर धरून न्यायची. मला वाटायचं दुरुस्तीला नेते. एकदा शाळेला सुट्टी म्हणून मला पनागरला सोबत नेलं. तिथे शाळेच्या व्हरांड्यात आठ-दहा दाई बसलेल्या, बहुतेक जणी आईपेक्षा मोठ्या आणि तिच्याकडे संशयानं बघणाऱ्या. आईनं टॉवेल सोडला आणि चित्र खुर्चीवर उभं केलं.

"कलिहारी है," सगळ्यांनी एकदम तिचं हिंदी नाव सांगितलं.

"हाँ. इसकी गाँठ घिसकर लगाते हो न, दर्द लाने के लिए? पैर में, नाभि पे?" आईनं विचारलं. दाईंनी माना हलवल्या, आता हिला काही तरी कळलं अशा. आई म्हणाली, "मत लगाना. ज़हर है. मैंने औरत मरते देखी है."

मग ती तासभर तेच बोलली, वेगवेगळ्या तऱ्हांनी. शेवटी एका म्हातारीनं चित्राजवळ नाक नेऊन विचारलं, "ये एक पंखुड़ी किसने लगाई?" आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्या हसल्या. मला तेव्हा लाज वाटली आणि बसमध्ये मी तोंड फुगवून बसले. कळ म्हणजे भांडण आणि कळ म्हणजे बाळंतपणाची वेणा, आणि कळलावीला तिचं नाव बहुतेक दुसऱ्या कळेवरून पडलं असावं, हे त्या दिवशी माझ्यासमोर मांडून ठेवलं होतं. मी फक्त खिडकीबाहेर बघत होते.

पुढे वहिनी आली. लग्नानंतर पंधराव्या दिवशी तिचं आणि माझं फोडणीत आधी मोहरी का जिरं यावरून झालं, आणि तिनं पहिल्यांदा चित्राचं तोंड फिरवलं. ती मला ताई म्हणते आणि अहो-जाहो करते, मी तिच्याहून चार वर्षांनी लहान असूनही. मी लग्न केलं नाही, वरच्या मजल्यावर राहते, खाली दादा, वहिनी आणि आई. आमचं भांडण सुरू झालं की दादा पिशवी घेऊन स्कूटर काढतो आणि भाजीला जातो. आमच्या घरात भाजी कधी कमी पडली नाही.

वहिनीला मी अडाणी म्हणायचे. चित्र उलटं केल्यानं भांडण थांबतं का, काचेला रक्तदाब असतो का, असं बरंच काही. एक गोष्ट मला माहीत होती आणि तरी म्हणायचे. माझ्या भाचीच्या आधी वहिनीला एक मूल झालं होतं. दिवस उलटून गेले, कळा आल्या नाहीत, आणि जेव्हा आल्या तेव्हा उशीर झाला होता. त्या आठवड्यात घरात आई-बाबांचं मोठं भांडण चालू होतं, आणि चित्र सरळ होतं. एवढंच तिच्या लक्षात राहिलं. तिला कोणाला तरी दोष द्यायचा होता आणि तिनं माणसांना सोडून एका फुलाला दिला. हे शहाणपणाचंच होतं, पण हे कळायला मला पस्तीस वर्षं लागली.

भाची मात्र माझी. वहिनीची नोकरी होती तोवर तिला सांभाळलं मी. तिला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत, भांडते दोन्हीत. हे वळण तिला माझ्याकडून मिळालं.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिचं लग्न झालं. मुलगा शहपुऱ्याचा, घरची शेती. चार पिढ्यांपूर्वी विदर्भातून आलेली माणसं, आडनावापुरती मराठी. पंगतीत मटारभात होता. मुलाची आई माझ्या शेजारी बसलेली. मोठ्या अभिमानानं म्हणाली, "खाइए बुआजी, हमारे खेत का मटर है." मी एक घास घेतला आणि म्हणाले, "मे महिन्यात? हे तर फ्रोजन आहे." बास. एवढंच बोलले. पण ते पाच माणसांनी ऐकलं, त्यांनी पंचवीस जणांना सांगितलं, आणि बिदाईपर्यंत मुलीच्या आत्यानं मुलाकडच्यांना खोटारडे म्हटलं असं झालं होतं. विहीणबाई ताटावरून उठल्या. वहिनीनं मांडवात त्यांचे पाय धरले, हे मी बघितलं. घरी आल्यावर तिनं चित्र फिरवलं, ते आता कायमचं असं म्हणूनच.

तेव्हापासून दर हिवाळ्यात शहपुऱ्याहून एक पोतं मटार येतो. सोबत निरोप, "ताज़ा है, बुआजी को दिखा देना."

भाचीला दिवस गेले आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी वहिनी जिना चढून वर आली. ती वर येते तेव्हा काही तरी गंभीर असतं, तिचे गुडघे दुखतात.

"ताई, राग नका मानू. उद्या तुम्ही खाली येऊ नका. विहीणबाई येऊन राहिल्या. मी ताट वर पाठवते."

"आणि पोरीनं विचारलं तर?"

"सांगन तब्येत बरी नाही." मग म्हणाली, "बाळ होईस्तोवर तुम्ही तिच्यापासून दूरच राहिल्या तर बरं. मले भीती वाटते, ताई."

मला खूप बोलता आलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून नाही बोलले, आणि मग रात्रीपर्यंत न बोलल्याचा राग येत राहिला. दुसऱ्या दिवशी ताट आलं. खालून हसणं ऐकू येत होतं, वाटीखाली पेढा निघाला का बर्फी यावर बायका ओरडत होत्या. मी सगळं ताट संपवलं, पुरणपोळीसुद्धा, आणि मग हात न धुता बसून रडले. ज्या मुलीला मी वेणी घालून शाळेत पाठवली, तिच्या ओटीत एक नारळ घालायला मला जागा नव्हती. तिचं बाळ मला दाखवतील की नाही, कोणाच्या हातातून दाखवतील, हेच डोक्यात घोळत राहिलं.

जानेवारीत तारीख आली आणि गेली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजीचं काही नाही, सोमवारपर्यंत बघू, नाही तर भरती करून कळा यायची सलाईन लावू. भाचीला काळजी नव्हती, तिला कंटाळा आला होता. वहिनीनं मात्र जेवण सोडलं. ती दिवसातून दहा वेळा चित्राकडे जाऊन बघायची, उलटं आहे ना म्हणून.

शनिवारी दुपारी भाचीनं अंगणातून हाक मारली. "आत्या, नीचे आओ ना यार. बोर हो रही हूँ."

मी गच्चीच्या कठड्यावरून वाकून बघितलं. खाली ऊन पडलं होतं. भाची खाटेवर, आई खुर्चीत, वहिनी पाटावर बसून शहपुऱ्याचा मटार सोलत होती. दादा कोपऱ्यात पेपर वाचत होता. वहिनीनं वर बघितलं नाही. आईनं बघितलं आणि म्हणाली, "ये ना वं. काहून उभी हायेस तिथं?"

मी उतरले. वहिनीच्या समोर बसले आणि मटार सोलायला घेतला. माझी वाटी अर्धी भरली. मग एका शेंगेत अळी निघाली.

"अळी आहे," मी म्हणाले. माझा काही हेतू नव्हता. अळी होती.

"एखादी निघतेच, ताई."

"निघते ना. ताजा आहे म्हणून निघते. फ्रोजनमध्ये निघत नाही."

दादानं पेपरची घडी केली आणि पिशवी शोधायला आत गेला.

वहिनीनं हातातली शेंग खाली ठेवली. "तीन वर्षं झाली. तीन वर्षांपासून मी त्या बाईसमोर मान खाली घालून राहिली. काय गरज होती तुम्हाला बोलायची?"

"वहिनी, मला एकच सांग. मे महिन्यात शहपुऱ्याच्या कोणत्या वेलीला मटार लागतो? एक वेल दाखव, मी तुझ्या विहिणीचे पाय धुवून पाणी पिते."

"वेलीचा कोण म्हणते? त्यांच्या घरी हा एवढा मोठा डीप फ्रीजर आहे. जानेवारीतच भरून ठेवतात. त्यांच्याच शेतातला होता तो."

"मग मी काय म्हटलं होतं?"

"काय म्हटलं होतं?"

"फ्रोजन म्हटलं होतं."

वहिनीनं खाली ठेवलेली शेंग परत उचलली. बाहेर दादाची स्कूटर सुरू झाली आणि गेली. तीन वर्षं आम्ही दोघी एकच गोष्ट बोलत होतो, हे तिच्या आणि माझ्या लक्षात एकाच वेळी आलं, आणि दोघींनाही ते मान्य करायचं नव्हतं. "बोलायची पद्धत असते, ताई," ती म्हणाली. "मटाराचीसुद्धा पद्धत असते, वहिनी," मी म्हणाले. तेवढ्यात भाची हसायला लागली. आधी नाकातून, मग पोट धरून, खाट करकरायला लागली. "तीन साल! मटर के पीछे! मम्मी, तुम दोनों पागल हो," आणि हसता हसता एकदम थांबली. तिनं खाटेची दांडी घट्ट धरली.

"मम्मी, पेट में कुछ हो रहा है."

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नाही. पण ती खुर्चीतून उठली, भाचीच्या पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं घड्याळ मागितलं. मी माझं काढून दिलं. पहिली गेली. आई घड्याळ बघत राहिली. दुसरी आली तेव्हा तिनं मान हलवली.

"कळ लागली," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "लावली हिनं."

वहिनी मटाराच्या टरफलांवरून धावत दवाखान्यासाठी भरून ठेवलेली पिशवी आणायला गेली. दादा भाजीला गेलेला, गाडी चालवणारं कोणी नाही. मी कोपऱ्यावरून ऑटो आणला. भाचीला आत बसवलं आणि मागे सरले, कारण मला दूर राहायला सांगितलेलं होतं आणि ते मी विसरले नव्हते. वहिनी पिशवी घेऊन आली, मला उभी बघितली आणि म्हणाली, "बसा ना ताई. मुहूर्त पाहून राहिल्या का?"

ओमतीला जाम लागला होता. एक ई-रिक्षावाला आडवा उभा राहून मोबाईलवर बोलत होता. मी ऑटोतून अर्धी बाहेर निघून त्याला त्याच्या खानदानासह जे ऐकवलं, ते इथे लिहिता येणार नाही. रस्ता मोकळा झाला. एक कळ येऊन गेल्यावर भाची घामेजल्या तोंडानं म्हणाली, "आत्या, और बोलो. अच्छा लगता है." मग दवाखान्यापर्यंत मी वाटेत आलेल्या प्रत्येकाशी भांडले. वहिनीनं एकदाही अडवलं नाही. एका बैलगाडीवाल्याला तर तीच बोलली.

संध्याकाळी मुलगी झाली. नर्सनं बाळ वहिनीच्या हातात दिलं. वहिनीनं पोटभर बघून घेतलं, इकडे तिकडे बघितलं, दादा समोर कोथिंबिरीची जुडी घेऊन उभा होता, त्याला ओलांडून ती माझ्यापाशी आली. "धरा," म्हणाली. मला नीट धरता येत नव्हतं. मी आत्याआजी झाले होते आणि काही सुचत नव्हतं. वहिनी म्हणाली, "आता गप्प काहून बसल्या?"

बारशाला विहीणबाई आल्या. सोबत अर्थातच पोतं. चित्र तेव्हा सरळ होतं. कधी केलं, कोणी केलं, माहीत नाही, पण काच पुसलेली होती आणि माझी स्केचपेनची पाकळी, जी आता जांभळट पडली आहे, चांगली दिसत होती. पाळणा चित्रापासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवला होता, कारण आई म्हणाली, "चित्र असो का झाड असो, विष हाय थे." विहीणबाईंनी भिंतीकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ये तो कलिहारी है. घर में झगड़ा लगाती है. हटाइए इसको."

मी मटार सोलत खाली बसले होते. वर बघितलं नाही.

"रहने दीजिए," वहिनी म्हणाली. "हमारे यहाँ ये दूसरा काम करती है."

मी दोन दाणे तोंडात टाकले. गोड होते. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.